डावी बाही

तोंडात टाचण्या धरलेल्या असताना बोलायचं नाही, हा नियम नानांनीच घालून दिलेला. तो मोडायची मुभाही त्यांनी एकट्यापुरती राखून ठेवलेली.

"पिळतेय मेली," ओठांच्या कोपऱ्यातून ते पुटपुटले. "डावी बाही, मुंढ्यापाशी, खांद्याच्या जोडावर पिळतेय. जाऊ दे. गिऱ्हाइकाला काय कळतंय. या वयात आता पुन्हा कोण उसवत बसणार."

धाकटीच्या, त्यांच्या धाकट्या सुनेच्या, कानांवर ते पडलं आणि तसंच पुढे गेलं. रविवारचं नानांचं पुटपुटणं म्हणजे पंख्याचा आवाज. बंद पडला तरच लक्ष जायचं. ती कापायच्या लांब टेबलाच्या मधोमध बसून शर्टांना बटणं लावत होती. टेबलाच्या एका टोकाला नाना आणि व्हायोलिनवाल्याचा काळा कोट. दुसऱ्या टोकाला तिची लेक खारू आणि भागाकार. थोरल्याचं बिऱ्हाड वेगळं झाल्याला जमाना झाला, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. आठवडाभर प्रयोगशाळेत लोकांच्या दंडांतून रक्त काढायचं आणि सुटीच्या दिवशी बटणं लावायची. थोडक्यात काय, सुई काही हातची सुटत नव्हती.

"तेवीस पेन्सिली, चार मुलं," ती म्हणाली. "काय लिहिलंस?"

"सहा."

"चार सक किती?"

"चोवीस."

"पेन्सिली किती आहेत?"

"तेवीस. एक कमी पडतेय." खारूने मान वर केली नाही. "एक आणायची दुकानातून."

"खारू, दुकानातून आणायची नाही. पाच पाच वाटायच्या आणि बाकी तीन उरतात, ते लिहायचं."

"मी नाही कुणाला बाकी ठेवत."

बाई वहीत शेरा मारायच्या, 'भागाकार कच्चा'. कच्चा कुठला! पोरगी हिशोबाने अचूक चुकायची. प्रत्येक गणितात कुठून तरी एक चेंडू, दोन मणी, एक खुर्ची जास्तीची आणून सगळ्यांना पुरवायची. पहिल्यांदा धाकटीला त्याचं कौतुक वाटलं होतं. दुसऱ्यांदा डोळे भरून आले होते. आता पन्नासाव्यांदा नुसती पाठ दुखत होती.

"तिसरं चुकलंय," ती म्हणाली. "खोड."

"चौथं बरोबर आहे. पाचवंपण."

"तिसऱ्यापासून खालचं सगळं."

हे ऐकून कुणालाही वाटेल, की ही बाई दुष्ट आहे. पण या घरात तीन पिढ्या याच टेबलावर शिकल्या होत्या आणि शिकवायची पद्धत एकच होती, शिवणाची. चूक सापडली, की तिथपर्यंत उसवायचं. मागचे टाके कितीही सुरेख असोत, चुकीवर बसलेले ते चुकीचेच. आणि ज्याने शिवलं त्यानेच उसवायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. नवीन लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या तोंडून हे ऐकून धाकटी पोट धरून हसली होती. गणिताचं काय शर्टासारखं असतं का? आणि आता बघा, तिच्याच तोंडून तेच.

खारू खोडू लागली. आधी हळू, मग जोरात. मग खोडरबर थांबेचना. टर्रकन आवाज झाला आणि कागदाला मधोमध भोक पडलं.

नाना म्हणाले, "सावकाश, पोरी."

झालं. पट्टी गेली भिंतीवर. बटणांचा डबा गेला वर, आणि शर्टांची, कोटांची, परकरांची, तीस वर्षांत साठलेली सगळी बटणं फरशीवर गारांसारखी सांडली. मग तो आवाज. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराने हल्ली ज्याच्यासाठी शटर अर्धं खाली ओढायला सुरुवात केली होती, तो आवाज. "मला नाही येत! मला काहीच नाही येत! मला नाही राहायचं इथं!" आणि टेबलाखाली, भिंतीला चिकटून, गुडघ्यांत डोकं घालून गठडी.

धाकटी गुडघ्यांवर बसून बटणं गोळा करू लागली. समजावायला तिच्याकडे शब्द होते. समुपदेशक बाईंनी शिकवलेले चांगले शब्द. पण ते जिभेवर आणायचं त्राण नव्हतं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि नानांची लेक, खारूच्या आत्या, आत आल्या. हातात प्रवासी पिशवी, पायाखाली बटणं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "स्वागताला अक्षताच टाकल्यात की."



*

आत्या रेल्वेत तिकीट तपासनीस. नोकरीची बरीच वर्षं झाली होती आणि माणूस खिसा चाचपू लागला, की तिकीट आहे की नाटक आहे, हे त्यांना तो हात बाहेर यायच्या आधी कळायचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर, घरात चहा घेऊन सगळे बसले, तेव्हा या घरातही तिघं खिसे चाचपत होते.

खारूला खालीच ठेवलं होतं. शांत झाली की येते वर, असा अनुभव. जिन्याचं दार लोटून घेतलं होतं.

"ती वसतिगृहाची शाळा मी डोळ्यांनी पाहून आलेय," आत्या म्हणाल्या. "डोंगराच्या कडेला आहे. एका वर्गात बारा मुलं. अभ्यासाला वेगळ्या बाई, मनासाठी वेगळ्या बाई. दोन घोडेसुद्धा आहेत."

"घोडे," नाना म्हणाले. "म्हणजे भागाकार घोडा शिकवणार."

"नाना, थट्टा पुरे. या तीन वर्षांत काय काय झालं ते सांगू? काचेचं कपाट. शाळेतली ती चावाचावी. आणि याचा चेहरा बघा." त्यांनी धाकट्या भावाकडे बोट केलं. "चाळिशीतच साठीचा दिसतोय."

धाकटा कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "मी बराय, ताई."

"तू लहानपणापासून बराच असतोस. ताप चढलेला असतानाही बराच होतास."

"तिला तिथे चांगलं वाटेल का, हा प्रश्न आहे," धाकटा म्हणाला. "म्हणजे, तिच्या दृष्टीने."

"तिच्याच दृष्टीने बोलतेय मी."

नानांनी कप खाली ठेवला. "तिच्या दृष्टीने, तिच्या दृष्टीने. पोरीची दृष्टी तुम्हा दोघांना बरी सापडली. मी तिचे डोळे रोज बघतो, मला नाही दिसत त्यात घोडे."

"पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात ना, परकं पोर कशाला म्हणून?"

"म्हणालो होतो." नाना थांबले. "मग तिने गाल भरून पाव खाल्ला आणि दोन तुकडे मोज्यात लपवले. खार म्हणालो मी तिला. एकदा नाव ठेवलं, की परकं कसलं राहतं?"

आत्यांनी भावजयीकडे पाहिलं. खिशात राहिलेली चार-पाच बटणं तळव्यावर घेऊन ती आकाराप्रमाणे लावत होती.

बोल की, आत्यांच्या मनात आलं. फोनवर तर नीट बोललीस. मंगळवारी दुपारी, प्रयोगशाळेच्या जिन्यातून, रडत, 'ताई, कुठे सोय होईल का बघा हो,' असं म्हणणारी तूच ना? आता बाप माझ्याकडे बघतोय, जसं काही मी पोर पळवायला आलेय. भाऊ बघतोय. आणि तू बटणं मोजतेस.

पण त्या बोलल्या नाहीत. विनातिकीट माणसाला भर डब्यात उभं करायचं, की हळूच दाराशी न्यायचं, हे चेहरा बघून ठरवायचं असतं. भावजयीचा चेहरा दाराशी न्यायच्यातला होता.

"मी वाईट, तर वाईट," एवढंच त्या म्हणाल्या. "पण या घरात एक शब्द गेली तीन वर्षं कुणी उच्चारत नाही, माहितीये मला. दुकानात गिऱ्हाइकाचं कापडसुद्धा तुम्ही 'बदलून' देता."

धाकट्याने झटकन जिन्याच्या दाराकडे पाहिलं. "ताई, हळू."

तो शब्द होता 'परत'. इथे येण्याआधी खारू एका घरी दत्तक म्हणून राहायला गेली होती. चांगलं घर होतं म्हणे, बाग होती. उन्हाळा संपायच्या आत त्या लोकांनी तिला संस्थेत आणून सोडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जुळवून घेता आलं नाही.' कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

"वसतिगृह म्हणजे ते नव्हे," धाकटा म्हणाला. "सुटीत येईलच की ती."

"हो," आत्या म्हणाल्या. "सुटीत येईल."

खालून काहीच आवाज येत नव्हता.

"फारच शांत आहे," धाकटी म्हणाली. वर आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

*

धाकटा खाली गेला तेव्हा त्याला वाटलं, झोपली असेल. बऱ्याचदा तसंच व्हायचं; वादळ संपलं, की ती टेबलाखालच्या चिंध्यांवर झोपून जायची आणि तो तिला उचलून वर न्यायचा. खरं सांगायचं तर या सगळ्या व्यापात त्याच्या वाट्याला आलेलं तेवढंच सुख होतं. झोपलेली खारू जड लागायची आणि डोकं बरोबर त्याच्या मानेच्या खळग्यात बसायचं. जागेपणी ती त्याला खांद्याला हात लावू द्यायची नाही.

ती झोपली नव्हती. नानांच्या उंच स्टुलावर बसली होती. हातात टाके काढायची छोटी सुरी. समोर व्हायोलिनवाल्याचा काळा कोट, आणि कोटाची एक बाही कोटापासून वेगळी, टेबलावर आडवी.

"खारू," तो म्हणाला. कोट न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता. उद्या त्याचा कार्यक्रम होता. आणि नानांचे डोळे असे, की काळ्या कापडावर काळा धागा त्यांना आता चाचपून शोधावा लागायचा.

"नाना," त्याने जिन्यातून हाक मारली. "खाली या जरा. सगळेच या."

सगळे आले. आत्यांनी कोट पाहिला आणि डोळे मिटले. "हे बघा. आता मी काही बोलत नाही."

"खारू, काय केलंस हे?" धाकटीचा आवाज चढला नाही, चढायलाही जोर लागतो. "आजोबांनी आठवडा घालवलाय त्यावर. रागवायचं तर माझ्यावर रागव ना. त्यांच्या कोटावर कशाला?"

"मी रागवले नाहीये."

"मग हे काय आहे?"

खारूने ओठ आवळले. पुन्हा होणार, धाकट्याला वाटलं, आणि त्याचा हात आपोआप टेबलावरच्या मोठ्या कात्रीकडे गेला, ती दूर सारायला. खारूने ते पाहिलं. तिने स्वतःच सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

*

नानांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बाही उचलली.

टाके तोडलेले नव्हते, एकेक सोडवलेले होते. कापडाला ओरखडा नाही. अस्तर आधी बाजूला घेऊन टाचून ठेवलेलं. शिवणीतून निघालेले धाग्याचे तुकडे एका बाजूला गोळा केलेले. आणि उसवलेली होती ती डावी बाही. उजवीला हातसुद्धा लावलेला नव्हता.

नाना खुर्ची ओढून बसले.

त्यांनी या टेबलावर दोन मुलगे आणि एक मुलगी शिकवली होती. तिघांनाही नियम पाठ होता. पण तो बापाला लावायची छाती तिघांपैकी एकाची झाली नव्हती.

"पोरी," ते म्हणाले, "मी काय पुटपुटलो होतो?"

"पिळतेय म्हणालात. मुंढ्यापाशी." खारू मांडीखालचे हात न काढता बोलत होती. "मग म्हणालात, कोण उसवत बसणार. मग मी..." तिने श्वास घेतला. "दुसऱ्याने उसवायचं नसतं, ते माहितीये मला. पण तुम्ही दमला होता. आणि चूक राहिली असती."

पंखा फिरत होता. आत्या भिंतीवरच्या मापाच्या पट्ट्या वाचल्यासारख्या बघत राहिल्या.

"बाही माझीच चुकली होती," नाना म्हणाले. "सकाळीच दिसलं होतं मला. व्हायोलिनवाला डाव्या हातावरच तर वाद्य पेलतो. पहिल्या दहा मिनिटांत खांदा आखडला असता त्याचा. माहीत होतं, तरी म्हटलं, चालतंय." त्यांनी बाही मांडीवर सरळ केली. "मला चालतंय. आणि या एवढ्याशा पोरीने तिसऱ्यापासून खालचं सगळं खोडायचं. वा रे नियम!"

"नाना, त्याला यायला फार वेळ नाही," धाकटा म्हणाला.

"मग उभा काय राहिलास? इस्त्री तापव. तू गं, तपासनीस, बटणं उचल. अजून पायाखाली येतायत. सूनबाई, सुईत धागा ओव, मला दिसत नाही. आणि खार, तू टाचण्या दे. तोंडात धरायच्या नाहीत."

"तुम्ही धरता."

"मी चुकतो. आत्ताच ठरलं ना?"

*

इस्त्रीची वाफ, ओल्या लोकरीचा वास. आत्या गुडघे धरून कुरकुरत टेबलाखालून बटणं काढत होत्या. नानांनी बाही मुंढ्यात बसवली, फिरवली, पुन्हा बसवली. खारू एकेक टाचणी डोक्याच्या बाजूने त्यांच्या हातात देत होती. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिने अगदी साध्या आवाजात, 'पाणी आहे का' विचारावं तसं विचारलं,

"मला कधी परत नेऊन सोडणार?"

धाकट्याच्या हातातली इस्त्री थांबली.

"असं काय विचारतेस, राजा?" तो म्हणाला. "कुणी काही बोललं का?"

"वर दार लावून बोललात. तिथेपण आधी दार लावून बोलायचे."

"अगं, ते दुसरंच होतं," आत्या टेबलाखालून घाईने म्हणाल्या. "एका छान शाळेबद्दल. तिथे घोडे आहेत, दोन, एक पांढरा..."

"चालेल," खारू म्हणाली. तिने पुढची टाचणी नानांच्या हातात दिली. "फक्त आधी सांगा. मागच्या वेळी त्यांनी आइस्क्रीम खायला जाऊ म्हणून सांगितलं होतं."

नानांनी टाचणी घेतली, पण ती कुठे लावायची, ते त्यांना दिसेना.

धाकटीने ओवलेली सुई कापडात खोचून ठेवली. रोज सकाळी रांगेने माणसं तिच्यासमोर बाही वर करून बसत. नवीन मुली त्यांना सांगत, 'काही होत नाही, बघू नका तिकडे.' त्यांचे पेशंट हमखास हात ओढत आणि पुन्हा टोचावं लागे. धाकटी आयुष्यात कुणाला तसं म्हणाली नव्हती. ती मनगट धरायची आणि सांगायची, 'आता टोचेल.' भलेभले रडवे लोक तेवढ्यावर शांत बसायचे. आणि इथे, या एका हाताला, ती तीन वर्षं 'काही होत नाही' म्हणत आली होती.

ती स्टुलासमोर खाली बसली. "हात दे."

खारूने दिला. मनगट बारीक, थंड, आणि आत नाडी सशासारखी.

"आता टोचेल," धाकटी म्हणाली.

"अगं," आत्या टेबलाखालून अर्ध्या बाहेर येत म्हणाल्या, "मी सांगते ना. मीच काढला विषय..."

"नाही, ताई. तुम्ही नका माझं अंगावर घेऊ." ती खारूकडेच बघत राहिली. "आम्ही तुला लांब ठेवायचं बोलत होतो. शाळा म्हणत होतो, पण ते परत पाठवणंच होतं. आणि आत्याने नाही काढलं ते. मी काढलं. मंगळवारी मीच फोन केला तिला."

"अगं..." धाकटा म्हणाला. त्याला हे माहीत नव्हतं.

"तू वाईट आहेस म्हणून नाही. भागाकार येत नाही म्हणूनही नाही. मी दमलेय, खारू. इतकी, की त्या दिवशी मला वाटलं, ही घरात नसावी. खरंच वाटलं. पाठवणार नाहीये मी तुला. पण मला तसं वाटलं होतं, आणि कदाचित पुन्हाही कधी वाटेल, आणि तेव्हासुद्धा तू इथेच असशील."

खारूने हात ओढून घेतला नाही. आईच्या तोंडाकडे ती बराच वेळ, खिडकीतून बाहेर बघावं तशी बघत राहिली.

"मलापण वाटतं तसं," ती शेवटी म्हणाली. "की तू नसावीस."

"माहितीये."

"जास्त वेळ नाही वाटत."

बाहेर दाराची घंटी वाजली. व्हायोलिनवाला आला होता.

"बसा," नाना दाराकडे न बघताच मोठ्याने म्हणाले. "वेळ लागेल. बाही चुकली होती माझी."